बोक्याची गव्हाण

पहिलं सांगून टाकती, मांजर दूध देत नाय. हे लिहायची वेळ माझ्यावर यावी हेच मला पटत नाय, पण रोज कोणी ना कोणी काउंटरवर येतंच आन मांजराच्या खाद्याच्या पिशवीवर बोट ठेवून इचारतंच, ह्यात प्रोटीन किती, फॅट किती, आन जास्तीचं कंचं हाय ते दे. जास्तीचं कशाला? म्हशीला जास्तीचं घातलं तर संध्याकाळी दुधाच्या चरवीत दिसतंय. मांजराला घातलं तर मांजराच्या पोटावर दिसतंय, दुसरीकडं कुठं दिसणार.

मी अवसरी फाट्याला पशुखाद्याच्या दुकानात काम करती. दुकान म्हणजे सरकी पेंड, गोळी पेंड, मक्याचा भरडा, आन एका बाजूला कुत्र्यामांजराच्या खाद्याचं एक कपाट. ते कपाट माझ्याकडं हाय. दहावीला मी गणितात राहिले आन मंग राहिलेच, पण पिशवीवरचं बारीक अक्षर मला वाचता येतंय, म्हणून शेठनी ते कपाट मला दिलं. हा अंक काढणारे गुरुजी आमच्याकडूनच गाईची पेंड नेतात. ते म्हणले, कविता, तुझ्या कामावर लिही. मी म्हणलं मला लिहिता येत नाय. तर म्हणले, गिऱ्हाइकाशी भांडती तसंच लिही. म्हणून भांडती.

आमच्या भागात आधी मांजराला इकत कोणी काय आणत नव्हतं. मांजर रानात हिंडायचं, उंदीर खायचं, धारेच्या टायमाला गोठ्यात येऊन बसायचं, कोणी घोटभर दूध ओतायचं, संपलं. आता बिबट्यानं समदं बदललं. उसातनं येतो, पहिलं ओट्यावरचं कुत्रं नेतो, मंग कोंबड्या, मंग मांजर बी सोडत नाय. म्हणून ज्याचा ज्याचा मांजरावर जीव हाय त्यानं मांजर घरात घेतलं आन दार लावून टाकलं. आता दार लावलं तर उंदीर कुठनं येणार? आन नुसत्या दूधचपातीवर मांजर जगत नाय, केस गळतात, डोळं चिपडतात, मरगळून बसतंय. मंग लोक येतात माझ्याकडं.

आमच्या घरामागं बी ऊस हाय. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, टोमॅटोची गाडी घेऊन मार्केटला जातात, सासूबाई रानात, मंग पोरगी घरी कोणापाशी ठेवू? म्हणून मी परीला दुकानात आणती आन पोत्यांच्या मधी बसवती. शेठ बोलत नाय, पण बघतात. खरं सांगती, मला लई भ्या वाटतं. उसाचं वाटतं, शेठचं वाटतं, फोन वाजला तरी वाटतं. त्यात परीला सध्या शू सांगायची सवय लावायची चालली हाय. तासातासाला तिला मागच्या मोरीत नेऊन बसवायचं आन तोंडानं शू शू करत उभं राहायचं, ती काय करत नाय, आत आणली की पोत्याला टेकून करती. शेठ म्हणतात, पोत्याला पाणी लागलं तर माल गेला म्हणून समज. दिवसभर माझ्या हातात एक तर वजनाचा काटा असतो नायतर फडकं.

तर खाद्य कसं निवडायचं ते सांगती, म्हणजे निदान हा अंक वाचणारं तरी मला छळणार नाय. पिलाचं येगळं असतंय आन मोठ्या मांजराचं येगळं. पिलाचं लई ताकदीचं, ते वाढायसाठी असतंय. मोठं मांजर, त्यात घरात बसून राहणारं, त्याला ते घातलं की ते फुगतंय. घरातल्या मांजरासाठी पिशवीवर इनडोअर लिहिलेलं असतंय, त्यात ताकद थोडी बेतानं असती आन चाटून चाटून पोटात गेलेले केस निघून जायला चोथा असतो. पिशवी मागून वाचायची, पुढचं चित्र बघायचं नाय. मागं पहिलं नाव कोंबडीचं नायतर माशाचं पाहिजे. पहिलं नाव मक्याचं असलं तर मका आपल्याकडं पोत्यात हाय, त्याला पिशवी कशाला. तारीख बघायची. मोठी पिशवी स्वस्त पडती म्हणून न्यायची नाय, फोडली की वास उडतो आन मांजर तोंड लावत नाय, मंग पिशवी घेऊन मलाच बोलायला येता. आन एकदम बदलायचं नाय. जुन्यात थोडं नवं, मंग थोडं अजून नवं, असं आठवडाभर, नायतर हगवण लागती.

एवढं सांगितलं की समोरचा मान हलवतो आन म्हणतो, बरं, मंग फॅट किती?

एक एक गिऱ्हाईक असं येतंय की इचारू नका. कॉलेजची पोरं येतात, खोलीत मांजर लपवून ठेवल्यालं असतंय, घरमालकाला कळाया नको म्हणून बिनवासाचं खाद्य मागतात. मी म्हणलं भाऊ, वास खाद्याचा येत नाय, खाल्ल्यानंतरचा येतो. निमगाव साव्याच्या एक वहिनी गोळ्या दुधात भिजवायच्या, वर गूळ टाकायच्या, आन मांजर खात नाय म्हणून मला फोन करायच्या. एक माळकरी जोडपं यायचं. घरात अंडं सुदिक चालत नाय, आन मांजर मात्र घरात कोंडलेलं. बाईंनी मला सगळ्या पिशव्या वाचायला लावल्या, बिनामासळीचं, बिनाकोंबडीचं काय हाय का बघ. मी म्हणलं काकू, माळ तुमी घातली, मांजरानं नाय घातली, त्याला नुसत्या डाळीवर ठेवलं तर आंधळं होईल.  शेवटी तोडगा काकांनीच काढला, पिशवी शेजारच्यांच्या पडवीत ठेवायची आन शेजारच्या सुनेनं येऊन वाटीत ओतायचं. अजून तसंच चाललंय. सून माहेरी गेली की मला फोन येतो, आज काय घालू. मी काय घालू सांगू?

पण खरं सांगायचं व्हतं ते लोणी गावच्या तात्यांचं.

तात्या म्हणजे आमचं जुनं गिऱ्हाईक. गोठ्यात चांगल्या गायी, जनावराचं त्यांना जेवढं कळतं तेवढं इकडं कमी लोकांना कळत असंल. त्यांचा मोती नावाचा कुत्रा बिबट्यानं ओट्यावरनं नेला, साखळी तशीच राहिली. त्यानंतर तात्यांनी घरातला बोका आत घेतला आन डोळ्याआड व्हऊ दिला नाय. बोक्याचं नाव सर्जा. बैलाचं नाव बोक्याला ठेवल्यालं बघून मला हसू आलं तर तात्या म्हणले, बैल इकला, नाव कशाला इकू?

पहिल्यांदा आले तवा सरळ पिलाच्या पिशवीवर हात. त्यावर प्रोटीनचा आकडा मोठा व्हता ना. मी म्हणलं तात्या, ही पिलाची. म्हणले आकडा बघ की. मी म्हणलं आकडा बघूनच सांगती. बराच येळ वाद झाला, शेठ मधी पडले, म्हणले दे की बाई त्यांना पाहिजे ते. पण मी ऐकलं नाय. का नाय ऐकलं कोणास ठाऊक, एरवी मी शेठपुढं मान वर करत नाय. मी मोठ्या मांजराची, घरातल्या मांजराचीच पिशवी दिली, आन सांगितलं मोजून घाला, आन पाणी भरपूर ठेवा. तात्या म्हणले, पाण्याचं तू मला शिकवू नको, उभा जन्म जनावरात गेला माझा.

मंग बरेच दिवस तात्या खुश. सर्जाच्या अंगावर तकाकी आली, वजन वाढलं. तात्या येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचे, कविताच्या पेंडीनं बोका बघा कसा झालाय. पेंड म्हणू नका म्हणून मी किती येळा सांगितलं. शेठ तवा माझ्याकडं बघून हसायचे. मला तेवढंच बरं वाटायचं.

आन एक दिवस सकाळी सकाळी तात्यांची गाडी दुकानापुढं थांबली. हातात टोमॅटोचा क्रेट, त्यावर टॉवेल बांधल्याला. क्रेट त्यांनी काउंटरवर ठेवला, मोठ्यानं नाय बोलले, हळूच म्हणले, "कविता, तुझ्या पेंडीनं सर्जा तुंबला."

टॉवेल काढला. बोका एका कुशीवर पडल्याला, पोट टणक, मधीच उठायचा, बसायचा, जोर करायचा, थेंब सुदिक नाय, आन कण्हल्यागत आवाज काढायचा. कालपासून असंच चाललं व्हतं म्हणले. त्यांना वाटलं संडास व्हत नाय, म्हणून एरंडेल पाजलं.  पहिला इचार काय आला सांगू, लाज वाटती, पण पहिला इचार बोक्याचा नाय आला, नोकरीचा आला. पिशवी मी दिलेली. भांडून दिलेली. शेठ आतनं बाहेर आले, क्रेटात बघितलं आन म्हणले, "हा मेला ना, तर लोणीला एक पोतं बी आपल्याकडनं जाणार नाय. मंग ते कपाट बी नको आन..."  पुढचं मला कळलं.

जनावरांचा दवाखाना आमच्या दुकानापासून जवळच हाय. तात्यांनी क्रेट उचलला, मी परीला काखेत मारलं, दुसऱ्या हातात तीच पिशवी घेतली, कारण डॉक्टर इचारतील काय खातो, आन तशीच पळत सुटले. चपला दुकानातच राहिल्या.

डॉक्टर गाईम्हशीवाले, पण मांजरं बी बघतात आता, बघावी लागतात. त्यांनी पोट दाबून बघितलं आन म्हणले संडास नाय, लघवी अडकली हाय, बोक्याची वाट बारीक असती, खडं साचून बुच बसल्यागत झालंय. अजून येळ लावला असता तर इष चढून मेला असता. मी पिशवी पुढं केली. परी म्हणाली, आई, तुझ्या हातात पिशवी वाजती. डॉक्टरांनी मागचं पुढचं वाचलं आन म्हणले पिशवीत खोट नाय, मोठ्या मांजराचीच हाय. तरी माझा जीव भांड्यात पडंना, कारण बोका तर समोर तसाच पडल्याला.

मंग त्यांनी तात्यांना इचारलं, पाणी किती पितो.

तात्या म्हणले, "पाजतो की. दोन टाइम. धारेच्या आधी समद्यांना पाणी दाखवतो, तवा ह्याला बी दाखवतो. शीळ घालतो, पितो तेवढा पितो."

"आन नंतर?"

"नंतर उचलून ठेवतो. शिळं पाणी जनावरापुढं ठेवत नसतो आमी."

"आन खायला?"

"खायला कमी नाय डॉक्टर. गव्हाण कधी रिकामी ठेवली नाय मी. दिवसभर वाटी भरल्याली असती."

डॉक्टर हातातलं काम करत राहिले. मला मात्र असं झालं की भिंतीवर डोकं आपटावं. कोरड्या गोळ्या दिवसभर, आन पाणी दोन टाइम, शीळ घालून. आन ह्याच्यात त्या माणसाची चूक बी काय म्हणावी? गोठ्यात हेच तर करतात. चांगला शेतकरी कोण, तर ज्याची गव्हाण भरल्याली आन जो येळच्या येळी पाणी दाखवतो. तात्या तर वरनं ताजं पाणी शेंदून द्यायचे. त्यांनी बोक्याला बैलाचा मान दिला व्हता, आन बोका त्या मानानं मरायला टेकला व्हता.

मी म्हणलंच, न राहवून, "तात्या, मी सांगितलं व्हतं ना पाणी भरपूर ठेवा?"

"भरपूरच असतंय," तात्या म्हणले, "पातेलंभर दाखवतो."

डॉक्टरांनी मंग शांतपणानं सांगितलं. मांजर मुळात पाण्याकडं जाणारं जनावर नाय. उंदीर खायचा तवा उंदरातच पाणी असायचं, त्याचं भागायचं. ह्या गोळीत पाणी नाय. म्हणून गोळी घालायची तर पाणी चोवीस तास पुढं पाहिजे, एका जागी नाय, दोन तीन जागी, आन खाण्याच्या वाटीपासून लांब, ते जाता येता पितंय. खायला मोजून द्यायचं आन उचलायचं. तात्यांच्या डोक्यात आता सगळं उलटं करायचं व्हतं. खायचं उचलायचं, पाणी ठेवायचं. ते म्हणले, "म्हंजे गव्हाण रिकामी ठेवायची?" असं म्हणले जसं कोणी त्यांना घर इकायला सांगितलंय.

बोक्याला गुंगी देऊन डॉक्टरांनी बारीक नळी घातली. ती बसंना. दोनदा बसंना. मी परीचं तोंड माझ्या खांद्यात दाबून धरलं. मंग बसली आन लाल पाणी आलं. बोका तिथंच ठेवला. तात्या लोणीला गेलेच नाय, दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले, गाईंच्या धारा त्यांच्या घरच्या काकींनी आन गड्यानं काढल्या. मी घरी गेले पण ताट तसंच बाजूला सारलं. मालक म्हणले, मांजरासाठी एवढं? मी म्हणलं मांजरासाठी नाय. मंग म्हणलं, मांजरासाठी बी.

नळी काढायची त्या दिवशी डॉक्टर म्हणले, आता औषध दिलंय, सलाईन दिलंय, आता ह्यानं स्वतः लघवी केली पाहिजे. केली तर वाचला. दुपारपर्यंत नाय केली तर परत आणा, मंग पुण्याला न्यावं लागंल, आन तिथं बी काय व्हईल सांगता येत नाय. लोणीला जाऊन परत येण्यापरीस तात्या क्रेट घेऊन आमच्याच दुकानात येऊन बसले. शेठ नको म्हणू शकले नाय.

ती दुपार मी कधी इसरणार नाय. क्रेट पोत्यांच्या मधी, परी क्रेटाच्या शेजारी, तात्या स्टुलावर. आन गिऱ्हाईक काय थांबतंय व्हय? जो येईल तो वाकून बघणार आन औषध सांगणार. एक म्हणला धन्याजिऱ्याचं पाणी पाजा. एक म्हणला मुतखडाच तो, माझ्या मेव्हण्याला व्हता, बियर पाजा. एका बाईंनी तर मला बाजूला घेऊन इचारलं, हीच का ती पिशवी, आन स्वतःच्या हातातली पिशवी परत कपाटात ठेवली. शेठनी बघितलं ते. मी काटा पुसत राहिले, पुसल्याला काटा परत पुसला.

तात्यांनी वाटीत पाणी ठेवलं आन सवयीनं शीळ घातली, बारीक, लांबलचक, बैल पाण्यावर असल्यावर घालतात तशी. सर्जानं मान वर केली. चार जिभा मारल्या. तात्यांनी वाटी उचलायला हात पुढं केला, सवयीनंच, आन मंग तो हात तसाच मागं घेतला. 

दुपार कलायला लागली. बोका क्रेटातनं उठला, बाहेर आला, गोळी पेंडीच्या पोत्यापाशी जाऊन हुंगायला लागला. फिरला, बसला, उठला, परत बसला. जोर केला. काय नाय. तात्या टॉवेलची गाठ सोडत बांधत बसल्याले. शेठ म्हणले, तात्या, गाडी काढतो, पुण्याला सोडतो तुमाला. शेठ असं म्हणतील असं मला वाटलं नव्हतं. तात्या उठलेच.

आन परी बोक्यासमोर उकिडवी बसली. मी तिच्यापुढं बसती तशी, गुडघ्यावर हात ठेवून, आन माझ्यासारखंच तोंड करून म्हणायला लागली, शूऽ, शूऽ, शूऽ. मी तिला उचलायला गेले, गप बस म्हणणार व्हते, आधीच माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. तर तीच वळून म्हणाली, "आई, केली."

मला वाटलं तिनंच केली. चड्डीला हात लावला तर कोरडी. बघती तर पोत्याच्या खालनं ओघळ येतोय. पहिलं बारीक, मंग चांगला, मंग थांबायचं नावच घेईना, पोतं भिजलं, फरशीवरनं काउंटरच्या खाली गेलं. सर्जा डोळं मिटून बसल्याला. माझा हात सवयीनं फडक्याकडं गेला.

तात्यांनी माझं मनगट धरलं. म्हणले, "थांब गं. पुरी व्हऊ दे त्याची."

आमी समदे उभे राहिलो, मी, तात्या, शेठ, दारात एक गिऱ्हाईक, आन ती पुरी व्हईपर्यंत कोणी हाललं नाय. मी शेठकडं बघितलं. पोत्याला पाणी लागलं व्हतं. शेठ नाकाला रुमाल लावून आत गेले आन दवाखान्यात फोन लावून सांगायला लागले, झाली म्हणून, भरपूर झाली म्हणून.

आता तात्यांच्या घरात जागोजागी पाण्याच्या वाट्या हायत, काकी अडखळतात आन माझ्या नावानं बोलतात. कपाट माझ्याकडंच हाय. कोणी पिशवी मागितली की मी पहिलं पाण्याचंच इचारती, पाणी ठेवता का दाखवता, आन तोंडाकडं बघत राहती. लोक चिडतात, म्हणतात खाद्य इकती का परीक्षा घेती. चिडू दे.

ते भिजल्यालं पोतं त्या दिवशी तात्यांनीच उचलून गाडीत टाकलं. मी म्हणलं तात्या राहू द्या, दुसरं देती. तर म्हणले, असू दे, आमच्या गायी काय नावं ठेवत नाय.